भांड्यांचे टेबल असे मांडावे

मराठी वर्गाच्या मेळाव्यात पालकांना भांडी विकताना ती ढिगाने ठेवू नयेत. मागे खोके ठेवून त्यावर मोठी पातेली आणि पुढे लहान वस्तू मांडाव्यात, म्हणजे सगळे दिसते. एकाच मापाची दोन पातेली शेजारी ठेवून एकाला लाल व दुसऱ्याला निळी फीत बांधावी. लाल मांसाचे, निळे दुधाचे, ही खूण इस्राएलमध्ये ओळखीची आहे आणि घराला दोन्ही लागतात.

मध्यभागी परातीत मलिद्यासारखे पोहे, ओले खोबरे आणि फळे मांडावीत. शेजारी खवणी ठेवावी. नारळ कसा खवायचा ते एखाद्या आजीने बसून दाखवावे.

किमतीची चिठ्ठी चिकटवू नये, दोऱ्याने बांधावी. यहुदी नसलेल्या कारखान्यातले धातूचे किंवा काचेचे भांडे वापरण्याआधी मिकवेत बुडवावे लागते. चिठ्ठीचा डिंक राहिला तर तेवढ्या जागी पाणी पोहोचत नाही.

चिठ्ठीवर भांड्याचे नाव मराठीत व हिब्रूत लिहावे. आपल्या पुष्कळ मुलांनी परात पाहिलेली असते, पण तिचे नाव त्यांना येत नाही. म्हणून विक्रीला मुलांनीच उभे राहावे आणि नाव मोठ्याने वाचून भांडे गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे.