इंजिनचा पिवळा दिवा आणि स्वस्तातला कोड रीडर

आमचा धंदा कापडाचा. गाडीचे ज्ञान बेताचेच. परंतु अहिल्यानगरच्या बाजारातून राहुरी, शेवगाव, पाथर्डीकडे माल पोचवायचा तर गाडीवाचून चालत नाही. गेल्या वर्षी आमच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र लावले व ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितले. साडेचार हजार गेले आणि चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या मिस्त्रीकडेही कोड तोच निघाला, पी ०१७१. म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. त्याने बॉनेट उघडून तपासले, तर हवेची रबरी नळी चिरलेली. खर्च तीनशे रुपये. तेव्हापासून आम्ही स्वतःचा कोड रीडर बाळगतो. तो घेताना काय पाहावे, हे व्यापारी बंधूंसाठी लिहीत आहोत.

प्रथम आपली गाडी पाहावी. दोष नोंदवणारी ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली; १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आले. नव्या मॉडेलला विक्रीपूर्वी सरकारमान्य संस्थेची चाचणी लागते. त्यांपैकी एक, व्हीआरडीई, आपल्याच शहराजवळ आहे. अशा गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे सॉकेट सापडते. त्याहून जुन्या गाडीत सॉकेट असले तरी स्वस्त यंत्र चालेलच असे नाही.

यंत्रे दोन प्रकारची. मोबाईलशी ब्लूटूथने जोडायचे छोटे यंत्र हजाराच्या आत मिळते. त्यावर बहुधा ‘ईएलएम ३२७’ लिहिलेले असते. पण ही मूळ चिप कॅनडातील एका कंपनीची, आणि बाजारात नकला पुष्कळ. काही नकला गाडीशी जोडल्याच जात नाहीत. म्हणून परत घेण्याची मुदत विचारून, पक्क्या बिलानेच घ्यावे. आयफोन असेल तर त्यावर चालणारे आहे का, ही खातरजमा आधी करावी. दुसरा प्रकार स्वतःचा पडदा असलेला. महाग, पण ड्रायव्हर कोणीही असो, मोबाईलची कटकट नाही. चार दुकानदारांनी मिळून एक घेतला तरी भागते.

स्वस्त यंत्र इंजिनचे कोड वाचते. एबीएस किंवा एअरबॅगचे बहुधा वाचत नाही. दुकानदार काहीही म्हणो, डब्यावर लिहिलेले वाचावे.

वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कोड पुसण्यापूर्वी तो वहीत उतरवावा, कारण पुसताना दोषाच्या वेळची इंजिनची नोंदही जाते. दिवा लुकलुकत असेल तर यंत्र शोधत न बसता गाडी थांबवावी. तसेच दामटल्यास सायलेन्सरमधील महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. आणि काम झाल्यावर यंत्र काढून ठेवावे, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

कोड फक्त तक्रार सांगतो. कारण मिस्त्रीनेच शोधायचे असते. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. त्यात दोष प्लगचा असेल, कॉइलचा असेल, इंजेक्टरचाही असेल. तेव्हा कोणी कोड दाखवून नवा पार्ट सुचवला, तर पैसे मोजण्यापूर्वी एवढेच विचारावे: “भाई, कोड ठीक आहे, तपासून काय पाहिलेत?” आम्ही हे त्या दिवशी विचारले असते तर साडेचार हजार वाचले असते.