मुलांचा हट्ट पिल्लाचा. घरात प्राणी आणण्याआधी पालकांनी ‘हे’ तपासाच!

बारामती/इंदापूर : सुट्टी लागली की वाडी-वस्तीवरच्या घरोघरी एक हट्ट ठरलेला. कुणाला रस्त्याकडेला सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू पाळायचं असतं, कुणाला मांजर, कुणाला पोपट, तर कुणाला काचेच्या टाकीतले रंगीत मासे. मुलाच्या डोळ्यात पाणी आलं की घरचे ‘बरं, राहू दे’ म्हणतात आणि प्राणी घरात येतो. लसीचं मात्र ‘बघू नंतर’ म्हणत राहून जातं.

खरी अडचण पुढे येते. खेळता खेळता पिल्लाचा दात लागतो, हातावर ओरखडा उठतो. ‘आईला कळलं तर पिल्लू सोडून देतील’ या भीतीने पोरगं ते सांगतच नाही. हीच लपवाछपवी जिवावर बेतू शकते. म्हणून कोणता प्राणी आणायचा हे ठरवताना तो किती गोंडस दिसतो, यापेक्षा तो आपल्या घराला आणि मुलांच्या वयाला झेपेल का, हे आधी बघायला हवं.

आधी घराचा हिशोब

कुत्रा साधारण १० ते १३ वर्षं जगतो, चांगली निगा राखलेलं मांजर त्याहूनही जास्त. आज तिसरीत असलेलं मूल तोवर कॉलेजला जाईल. म्हणजे हट्ट मुलाचा असला तरी प्राणी सांभाळायचा आहे मोठ्या माणसांनी. सकाळी पाणी कोण ठेवणार, ऊस तुटायच्या घाईत खायला कोण घालणार, गावाला गेल्यावर कोण बघणार, लसीला दवाखान्यात कोण नेणार, हे आधीच ठरवा. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला कोणत्याही प्राण्याजवळ एकटं सोडू नये. लहान मूल शेपूट ओढतं, गळ्यात पडतं, ताटलीत हात घालतं. त्याची उंची कमी असल्याने चावा थेट तोंडाला किंवा मानेला बसतो.

कुत्रा : गावठीच बरा

इंदापूर, सुपे भागातला उन्हाळा बघता दाट केसांचे, थंड मुलखातले महागडे कुत्रे इथे हालात जगतात. आपल्या हवेत तयार झालेला गावठी कुत्रा काटक असतो, खर्चाला कमी आणि घराला लळा लावणारा. कारवानी किंवा पश्मी कुत्रा देखणा आणि वेगवान, पण तो मुळात शिकारीचा. त्याला पळायला रान लागतं आणि शेजाऱ्याच्या शेळ्या-कोंबड्यांच्या मागे तो लागू शकतो.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. लवकर तोडलेलं पिल्लू आजारी पडतं आणि जास्त चावरंही होतं. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सुरू होतात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक डोस. जंताचं औषधही वेळेवर द्या.

बोकड कापल्यावर कच्ची आतडी, फुफ्फुसं कुत्र्याला टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती मोडा. त्यातून कुत्र्याला एक प्रकारचे जंत होतात. त्यांची अंडी मुलांच्या हाताला लागून पोटात गेली तर लिव्हरमध्ये, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. बागेतले घड मुलांना कुत्र्यापुढे टाकू देऊ नका.

कुत्र्याला दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवलं की तो चिडका होतो. आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असेल तर रात्री कुत्रा अंगणात उघडा बांधू नका. कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य आहे. त्याच्यामागे बिबट्या थेट दारात येतो.

मांजर, कोंबडी, शेळीचं करडू

मांजर धान्याच्या कणगीजवळचे उंदीर आवरतं. उंदीर कमी झाले की त्यांच्यामागे येणारे सापही कमी होतात. पण मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो, त्यामुळे लस त्यालाही हवीच. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये.

लहान मुलांना जबाबदारी शिकवायला चार-दोन गावठी कोंबड्या उत्तम. दाणे टाकायचे, अंडी गोळा करायची, संध्याकाळी खुराडं लावायचं, ही कामं सात-आठ वर्षांचं मूल आनंदाने करतं. मात्र कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा नियम पक्का.

करडू मुलांना फार लवकर जीव लावतं. ते पुढे बाजारात विकायचं असेल तर मुलाला पहिल्याच दिवशी तसं सांगा. एके दिवशी शाळेतून आल्यावर दावं रिकामं दिसलं की मूल आतून दुखावतं आणि घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

पोपट आणि हरणाचं पाडस नकोच

पिंजऱ्यातला हिरवा पोपट गावोगाव दिसतो, पण तो पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. चांदणी कासव, रानससा, मुंगूस यांनाही घरी ठेवता येत नाही. दुकानात मिळणारे पांढरे ससे किंवा लव्हबर्ड पाळायला मात्र हरकत नाही.

सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ हा चिंकाराचा भाग. चिंकाराची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. ते एकटं दिसलं म्हणून ‘आईविना आहे’ समजून मुलं उचलून आणतात आणि तिथेच त्याची आई कायमची तुटते. पाडस दिसलं तर हात न लावता लांब व्हा. ते जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

माशांची टाकी : सोपी, पण एक अट

दमा किंवा केसांची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी मासे हा चांगला पर्याय. गप्पी मासे तर स्वस्त आणि काटक, डासांच्या अळ्याही खातात. अट एकच. कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे कॅनॉलला, ओढ्याला किंवा उजनीत सोडायचे नाहीत. उजनीच्या मच्छीमारांना सकर माशाने कसं हैराण केलंय ते भिगवण, इंदापूरच्या लोकांना सांगायला नको. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून शोभेसाठी विकला जातो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

चावलं, ओरखडलं तर काय कराल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संशयित रेबीजग्रस्त प्राण्यांनी चावलेल्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के ही १५ वर्षांखालची मुलं असतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रुग्ण वाचणं जवळपास अशक्य. पण लक्षणं दिसण्याआधी, वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो. लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने, कधी त्याहून कमी, कधी वर्षही लागू शकतं. त्यामुळे ‘महिना झाला, काही झालं नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

– जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा.
– हळद, चुना, मिरची, तंबाखू काहीही लावू नका. मंत्र-ताईत, झाडपाला यात वेळ घालवू नका.
– लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते.
– पहिला डोस त्याच दिवशी. पुढच्या तारखा कागदावर लिहून घ्या, एकही डोस चुकवू नका.
– रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सिरमही द्यावं लागतं. डॉक्टरांना तसं विचारा.
– रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस लागते. ‘लहान पिल्लू आहे, त्याला कुठला रेबीज’ हा समज चुकीचा आहे.

घरचं जनावर आजारी पडलं तर पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करता येतो.

मुलांना हे नक्की सांगा

खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या आणि पिल्लं असलेल्या कुत्रीच्या जवळ जायचं नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. हात अंगालगत घेऊन, त्याच्या डोळ्यात न बघता शांत उभं राहायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिल्लू घरात येईल त्याच दिवशी मुलाला जवळ घेऊन सांगा : “दात लागला, नख लागलं तर लगेच सांग. कुणी रागावणार नाही आणि तुझं पिल्लूही कुणी सोडून देणार नाही.” हा शब्द घरच्यांनी पाळला, तर मूल ओरखडा लपवणार नाही.