मोठा शिंगाळा गळाला का लागत नाही? समजून घ्या नदीतलं गणित

मंडळी, बंधाऱ्यावर गळ टाकून बसलं की पाव किलोची शिंगटी मिळतेच. हातभर लांबीचा शिंगाळा मात्र नेहमी दुसऱ्याच्याच रीलमध्ये दिसतो! यात नशिबाचा भाग थोडा आणि जागा, वेळ, आमिष यांचा भाग जास्त.

आधी ओळख करून घेऊ. शिंगाळा म्हणजे लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. याचं शास्त्रीय नाव 'स्पेराटा सींघाला'. लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, तेव्हा आपल्याकडचं नावच शास्त्रात गेलं. हा मासा दीड मीटरपर्यंत वाढू शकतो.

आता जागा. प्रवरा, मुळा, गोदावरी, भीमा, अहिल्यानगरच्या या सगळ्या नद्यांवर धरणं आहेत. उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं आणि पाणी उरतं ते डोहांत आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फुगवट्यात. मोठा मासा तिथेच तळाशी असतो. वळणावर जिथे काठ कापला गेलाय, जिथे झाडाची मुळं किंवा खडक पाण्यात आहेत, ती जागा बघा. आमिष डोहाच्या मधोमध नको, तर प्रवाह डोहात शिरतो त्या तोंडाशी टाका. शिंगाळा गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा मिशांनी आणि वासाने शिकार शोधतो, आणि वास प्रवाहाबरोबर खाली जातो.

वेळ संध्याकाळनंतरची. गांडूळ लावलं की लहान मासे ते टोचून संपवतात, म्हणून ताज्या चिलापीचा जाड तुकडा किंवा अख्खी कोळंबी लावा. तंगूस जाड हवा, शिसं तळाला बसेल इतकं जड, आणि गळ मोठा, टोक आत वळलेला. असा गळ बहुतेकदा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. त्यामुळे मासा जिवंत सोडता येतो.

सोडायचा? हो, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. शिंगाळा नदीच्या तळाशी खड्डा करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. तेव्हा नेमका राखणदारच उचलला, तर ती पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. मोठी मादी अंडीही जास्त देते. आणि जिथे वाळू उपसून तळच खरवडला गेलाय, तिथे खड्डा करायला जागाच उरत नाही. प्रवरा-गोदावरीकाठच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. फोटो काढायचा तर ओल्या हातांनी, पाण्याजवळच आणि पटकन.

धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी परवानगी घ्या. धरणातून आवर्तन सुटलं की कोरड्या पात्रातही पाणी झपाट्याने चढतं. पात्रातल्या खडकावर रात्री एकट्याने बसू नका.

मासा हातात घेताना छातीच्या आणि पाठीच्या परांचा काटा सांभाळा. तो दातेरी असतो आणि टोचला तर चांगलीच आग होते. जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना कमी होतात. काटा आत तुटला असेल तर दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

शेवटचा मुद्दा 'सोडून द्या'च्या उलटा आहे. गळाला कधी चपट्या डोक्याचा, पाठीवर शेपटीपर्यंत एकच लांब पर असलेला, आठ मिशांचा करडा मासा लागला, तर तो थाई मांगूर असू शकतो. मूळचा आफ्रिकेतला हा खादाड मासा पाळायला केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ती बजावली. तरी चोरून पाळलेले मासे तळी फुटून नदीत येतात. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे काठावर टाकला तरी बराच वेळ जगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत पाणी गाठतो. देशी मांगूरही साधारण असाच दिसतो, त्यामुळे खात्री नसेल तर फोटो काढून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा. थाई मांगूर असेल, तर तो पाण्यात परत सोडायचा नाही.