हिरवे रक्त आणि पिठाचा कोंबडा

जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा मोबाइलवरील खेळ भारतात आणला. त्याचा पूर्वावतार ‘पबजी मोबाइल’ याच्यावर केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली होती. खेळाचा गाभा जुनाच राहिला. शंभरएक खेळाडू हवाई छत्रीने एका प्रदेशात उतरतात, बंदुका शोधतात, परस्परांना टिपतात. अखेरपर्यंत जो उरतो तो विजयी. भारतीय आवृत्तीत मात्र दोन बदल झाले. रक्ताचा रंग हिरवा झाला आणि ‘ठार केले’ याऐवजी ‘संपवले’ अशा अर्थाचा शब्द आला.

रंग आणि शब्द पालटल्याने कृती पालटते काय? जैन साहित्याने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच हाताळला आहे. दहाव्या शतकातील सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलकचंपू’त यशोधर राजाची कथा येते. आईने देवीपुढे पशुबळी देण्याचा आग्रह धरला. राजाने नकार दिला. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापण्यात आला. एकाही जिवाचा प्राण गेला नाही. तरीही त्या संकल्पापायी मायलेकांना तिर्यंच गतीत जन्मामागून जन्म भोगावे लागले. द्रव्यहिंसा घडली नाही म्हणून भावहिंसा टळत नाही, हे या कथेचे मर्म. विशेष म्हणजे ‘पबजी’त जिंकणाऱ्याचे अभिनंदनही कोंबडीच्या मेजवानीच्या घोषणेने होते!

याचा अर्थ हा खेळ खेळणारा प्रत्येक मुलगा क्रूर होतो, असा नव्हे. बुद्धिबळातही प्यादे मारले जाते. परंतु तेथे मन डाव रचण्यात गुंतलेले असते. येथे मनुष्याकृतीवर नेम धरणे आणि ती कोसळताच आनंदणे, हाच सराव वारंवार घडतो. अणुव्रतांचा भर नेमका मनाच्या या सवयीवर आहे.

व्यवहाराची बाजूही पाहण्याजोगी आहे. खेळ फुकट मिळतो. कंपनीची कमाई होते ती पोशाख, बंदुकांची सजावट आणि ‘रॉयल पास’ यांच्या विक्रीतून. खेळाडू जितका अधिक वेळ रमेल, तितकी विक्रीची संधी अधिक. जुलै २०२२ मध्ये हा खेळ भारतातील ॲप स्टोअरवरून हटवण्यात आला. मे २०२३ मध्ये तो परतला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घालण्यात आली. एक सामायिक ४८ मिनिटांचे. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळली, तरी जवळजवळ चार सामायिकांचा वेळ एका दिवसात खर्ची पडतो.

केवळ मोबाइल हिसकावून घेतल्याने मुले लपून खेळू लागतात. त्यापेक्षा आईवडिलांनी शेजारी बसून एक डाव पाहावा आणि ‘नेम लागला तेव्हा मनात काय आले?’ एवढेच शांतपणे विचारावे. पाठशाळेत यशोधराची कथा सांगताना हिरव्या रक्ताचाही उल्लेख करावा. पिठाच्या कोंबड्याचा अर्थ मुलांना मग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.