विक्रीचे आंकडे आणि पडद्याचें रूप

१९८८ सालीं ‘सन’ व ‘एटी अँड टी’ यांनीं ‘ओपन लुक’ ही पडद्यावरील खिडक्या-बटणांची पद्धति जाहीर केली. पुढल्याच वर्षीं प्रतिस्पर्धी संघाचें ‘मोटिफ’ बाजारांत आलें. ‘सनचीं वर्कस्टेशनें सर्वांत अधिक खपतात, तेव्हां ओपन लुकच पुढें,’ असें एक पक्ष म्हणे, दुसरा आय.बी.एम्., हेवलेट-पॅकार्ड, डिजिटल यांच्या विक्रीची बेरीज मांडी. पण सनच्या यंत्रावर मोटिफचे प्रोग्रॅमही चालत! शिवाय ‘एक्स’ व्यवस्थेंत प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि त्याचें चित्र दुसऱ्याच्या पडद्यावर, असेंही होई. मग विकलेलें यंत्र कोणाच्या खात्यांत जमा धरावयाचें? प्रोग्रॅम लिहिणारांचा कल मला अधिक बोलका वाटतो. मार्च १९९३ मध्यें सननेंच मोटिफ पत्करलें, आणि तेंही विक्रींत आघाडीवर असतांना.