भरतीच्या वेळापत्रकावर

पहाटे ५.३० : सौराष्ट्रातल्या चोरवाडच्या किनारपट्टीवर आमचं काम घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या तक्त्यावर चालतं. आज ओहोटी पहाटेची, म्हणून पहिली विहीर उजाडायच्या आत. पाणीपातळी मोजायचा टेप सोडला, खाली पाण्याला टेकताच ‘टीं’ वाजलं, आकडा वहीत.

७.०० : विहिरीच्या कठड्याचा खपला हातात आला. मिलिओलाइट चुनखडक. मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारतींवरचा पोरबंदरी दगड तो हाच. बोटांनी चोळला तर रवा सुटतो. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि याच्या भेगा विरघळवत रुंद करतं. वाळूत पाणी झिरपतं, इथे ते पोकळ्यांतून चक्क वाहतं.

८.३० : क्षारता मोजायचा प्रोब विहिरीत. वरचे काही मीटर आकडा जागचा हलत नाही, मग हातभर अंतरात भराभर चढतो. गोडं पाणी हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं; त्या सीमेवर दोन्ही मिसळतात. गंमत अशी, की दोन्ही पाणी चुन्याने संपृक्त असलं तरी त्यांचं मिश्रण पुन्हा दगड खायला लागतं. पोकळ्या नेमक्या त्याच थरात वाढतात.

दुपारी १२.०० : समुद्राला भरती. डबा गाडीतच खाल्ला.

१.३० : इथे कामाचा जीव. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी अजून चढतंच आहे. तिच्याहून दुप्पट लांबची विहीर भरतीपाठोपाठ चढून उतरायलाही लागली. नकाशावरचं अंतर इथे कामाचं नाही. तिच्या तळाला कुठेतरी समुद्राकडे जाणारी मोकळी वाट असणार. बागायतीसाठी उपसा वाढला, तसं खारं पाणी अशाच वाटांनी आधी आत शिरलं.

४.०० : त्याच विहिरीचे मालक, वय सत्तरीच्या पुढचं. “बेन, चा पीने जाजो.” चहा मचूळ, साखर घालूनही कळतं. विहीर अजून खोल करू का, विचारतात. मी काडीने मातीत आकृती काढली : गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर 1 मीटर असेल, तर खाली साधारण 40 मीटर गोडं पाणी. वरचं हातभर उपसलंत की खालून खारं चाळीस हात वर यायला बघणार. खोल नको, बापा, मोटर कमी चालवा.

त्यांनी आकृती नीट पाहिली, मान डोलावली.

“पण बोअरवाला तर काले आवे छे,” म्हणाले.

६.०० : पुन्हा ओहोटी. पुन्हा टेप.