बिल्डिंग विकली, माणसं बाहेर!

‘रेड अलर्ट’ खेळलायत ना? मग डॉलरचं चिन्ह असलेलं ते बटण आठवत असेल. ते दाबून आपल्याच एखाद्या बिल्डिंगवर क्लिक केलं की बिल्डिंग गायब! निम्मे पैसे परत मिळायचे आणि आतून चार-दोन सैनिक भांबावल्यासारखे बाहेर पडायचे. हरायला लागलो की हा उद्योग आपण सगळ्यांनीच केलाय. गंमत म्हणजे, हा गेम बनवणाऱ्या वेस्टवूड स्टुडिओजचंही पुढे अगदी हेच झालं.

ब्रेट स्पेरी आणि लुई कॅसल या दोघांनी १९८५ मध्ये लास व्हेगासमध्ये ही कंपनी काढली. १९९२ मध्ये त्यांचा ‘ड्यून टू’ आला. वाळवंटातला मसाला गोळा करा, त्या पैशात बेस बांधा, फौज उभारा आणि शेजाऱ्यावर सोडा. तोही तुमची वाट बघत थांबत नाही, हे महत्त्वाचं! पुढच्या कित्येक स्ट्रॅटेजी गेम्सनी हाच साचा उचलला. त्याच वर्षी व्हर्जिननं वेस्टवूड विकत घेतली. पण खरा धमाका झाला तो त्यानंतर. १९९५ मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’, १९९६ मध्ये ‘रेड अलर्ट’. म्हणजे कंपनी विकली की ती बुडालीच, असं काही नसतं बरं का.

दुसरी विक्री मात्र महागात पडली. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं, म्हणजे ईएनं, व्हर्जिनच्या अमेरिकेतल्या धंद्यासकट वेस्टवूड घेतली. किंमत १२ कोटी २५ लाख डॉलर! २००२ मध्ये रखडत रखडत ‘रेनेगेड’ आला. आख्खी फौज हलवणाऱ्या खेळाडूच्या हातात आता एकच बंदूक. मग अंतराळातला ऑनलाइन गेम ‘अर्थ अँड बियॉन्ड’, तोही दरमहा पैसे मोजून. दोन वर्षांत त्याचा सर्व्हर बंद झाला. पण त्याआधीच, मार्च २००३ मध्ये, स्टुडिओला टाळं लागलं होतं. काम हवं असेल तर लॉस एंजेलिसला चला! घर, बायको-मुलं, सगळं चारशे किलोमीटर हलवायचं. कॅसल गेले. काही जण गेले नाहीत. त्यांनी लास व्हेगासमध्येच पेट्रोग्लिफ नावाची कंपनी काढली.

नाव ईएकडेच राहिलं. २०१० मधल्या ‘कमांड अँड कॉन्कर ४’ मधून त्यांनी बेस बांधणं आणि पैसा गोळा करणंच काढून टाकलं. मिसळीतून तर्रीच काढली की हो! चाहते भडकले, यात नवल ते काय?

शेवटी जुने गेम नव्यानं सजवायचे ठरले, तेव्हा ईएनं ते काम दिलं पेट्रोग्लिफला. जून २०२० मध्ये ते बाजारात आले. संगीत पुन्हा फ्रँक क्लेपॅकीचंच. ‘हेल मार्च’ लावणार असाल तर हेडफोन मात्र आठवणीनं घाला, बॉसची केबिन लांब नसते.